पिवळ्या काकांचा एक इंच

लोपीसकाकांच्या शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं असायची, एक पिवळा हायलायटर आणि एक लाल बॉलपेन. जगातल्या कुठल्याही कागदाकडे ते या दोघांपैकी एकाचं टोपण काढूनच बघायचे. बरोबर असेल ते पिवळं, चूक असेल ते लाल, आणि पांढरं राहिलेलं म्हणजे अजून बघितलेलंच नाही. ही रीत काही त्यांनी शोधून काढलेली नव्हे. पुलांची ड्रॉइंगं तपासणारे पुष्कळ लोक असंच करतात. पण बाकीचे ऑफिस सुटलं की टोपण लावून घरी जातात. काकांचं टोपण शुक्रवारच्या मिस्सेलाही उघडंच असायचं. चर्चमध्ये वाटलेला गाण्यांचा कागद एकदा ते आमच्याकडे जेवायला येताना घेऊन आले होते. ओळ न् ओळ पिवळी, आणि तिसऱ्या कडव्यात एका वेलांटीला लाल गोल. "फादरना दाखवलंत का?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "दाखवलं. म्हणाले, देवाला कळलं असेल. मी म्हटलं, देवाला कळलं हो, पण पुढच्या शुक्रवारी पुन्हा हाच कागद वाटाल ना?"

ऑफिसात पाठीमागे सगळे त्यांना 'पिवळे काका' म्हणायचे. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं. सूक वाकिफच्या जुन्या बाजारात आम्ही एकदा सगळे जेवायला गेलो, तर वेटर ऑर्डर घ्यायला येईपर्यंत यांनी मेनूकार्डाचं अख्खं पहिलं पान पिवळं करून टाकलं होतं. वेटर बिचारा समजला, एवढं सगळं हवंय. आमच्या मंडळाच्या गणपतीच्या पत्रकात साडेसहाला प्रसाद आणि सातला आरती छापून आली, तेव्हा वसईच्या या किरिस्तावाने ती चूक पकडली. "आरतीच्या आधी प्रसाद? आमच्याकडेसुद्धा चालत नाही हो," म्हणाले. मंडळाची कमिटी पाच जणांची. एकालाही दिसलं नव्हतं.

आमचं ऑफिस दोह्यात, एका काचेच्या इमारतीच्या अकराव्या मजल्यावर. खिडकीतून खाली दोह्याचे स्वतःचे उड्डाणपूल दिसतात, नवे कोरे, रात्री दिव्यांनी सजवलेले. पण त्यांच्याशी आमचा काही संबंध नाही. आम्ही पूल काढतो ते अमेरिकेतल्या अलाबामा राज्याचे. आता कोणी विचारेल, अलाबामाचे पूल अलाबामात बसून का नाही काढत? पहिल्या दिवशी मलाही हाच प्रश्न पडला होता. त्याचं उत्तर असं, की तिकडची एक कंपनी हमरस्ते रुंद करायची आणि त्यांवरचे पूल नव्याने बांधायची कामं घेते, आणि ड्रॉइंगं आमच्याकडून करून घेते. ते झोपले की आम्ही जागे होतो आणि ते उठेपर्यंत पुलाचे खांब त्यांच्या ईमेलमध्ये उभे असतात. म्हणून मग वर्षातून चार थेंब पडणाऱ्या वाळवंटात बसून आम्ही ओढ्याला पूर आला तर काय, याची गणितं करतो. माझ्या सासूबाईंना मी हे तीनदा समजावलं. त्या अजून लोकांना सांगतात, सून अमेरिकेला आहे.

काका मात्र खरोखरच अमेरिकेला होते. नुसता देह कतारात. पंचवीस वर्षं आखातात काढली, त्यातली शेवटची बारा फक्त अलाबामाच्या पुलांवर, आणि त्या राज्यात पाऊल एकदाही ठेवलेलं नाही. पण कुठल्या एक्झिटला उतरलं की पेट्रोलपंप डावीकडे लागतो, कुठल्या ओढ्याचं पाणी मार्चात किती चढतं, कुठल्या पुलाखालून लाकडाचे ट्रक जातात, सगळं तोंडपाठ. तिकडच्या गावांना ते 'आपल्याकडे' म्हणायचे. भर जुलैत, बाहेर डांबर वितळत असताना, चहाचा कप हातात घेऊन गंभीरपणे सांगायचे, "आज आपल्याकडे पाऊस आहे. स्लॅब पुढे ढकलतील." मी नवी होते तेव्हा म्हटलं, "वसईत का?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की काय ही बाई. "वसईत कसला स्लॅब? वसईत पाऊस पडला तर केळी पडतात." काकू वसईला असत, घरची केळीची वाडी सांभाळत. हिवाळ्यात महिनाभर इकडे येत. त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "लोकांना वाटतं माझा नवरा कतारला असतो. कतारला असता तर मी निदान फोनवर भांडले असते. हा अलाबामात राहतो, तिकडचं मला काही कळत नाही."

त्यांचा नियम एकच होता, आणि तो त्यांनी आमच्या डोक्यात खिळ्यासारखा ठोकला होता: काढणारा आणि तपासणारा एक असता कामा नये. प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात दोन छोटे चौकोन असतात. एकात काढणाऱ्याची आद्याक्षरं, दुसऱ्यात तपासणाऱ्याची. एकदा सुट्टीच्या गडबडीत एका पोरीने शीट स्वतः काढली आणि दोन्ही चौकोनांत स्वतःचंच नाव घालून पुढे सरकवली. काकांनी चाळीस शीटांचा अख्खा गठ्ठा परत पाठवला, त्या एकीसाठी. "आपल्या चुकीला आपला डोळा सरावलेला असतो," म्हणाले. "ती घरची होऊन बसते. बाहेरचा माणूस आला की मगच कळतं, ही कोण बाई इथे बसलीय."

हा नियम आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आला होता. आम्ही अल अझीझियात राहायचो, ते जवळच एका खोलीत, म्हणून शुक्रवारी, इकडच्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधली मिस्सा आटपून दुपारी ते जेवायला आमच्याकडे. पानावर बसले की पहिला प्रश्न, "मीठ कोणी तपासलं?" मी म्हणायची, "मीच." "मग मान्य नाही," आणि मग माझ्या नवऱ्याला, संदीपला, हाक जायची. संदीपने आमटीचा चमचा चाखून मान हलवली, की मग काका भात कालवायचे. संदीप मेसईदच्या एका कारखान्यात इंजिनिअर, घरी त्याला कोणी काही विचारत नाही, त्यामुळे हे शुक्रवारचं पद त्याला फार आवडायचं. आमची इरा तेव्हा पाचवीत होती. तिचे निबंधसुद्धा काका तपासायचे. ती त्यांच्याशी कायम इंग्रजीत आणि ते तिच्याशी कायम मराठीत. "अंकल, धिस होल पेज इज यलो!" असं ती नाचत सांगायची. "म्हणजे काही चुकलं नाही," काका म्हणायचे, "पण काही सांगितलंयस पण नाही." तिला ते कळायचं नाही. मला कळायचं, आणि थोडा रागही यायचा.

आता जरा फुटांचं सांगायला हवं, कारण पुढे सगळं त्या फुटावरच घसरलं. अमेरिकेत रस्त्याची मोजणी करणारे लोक फुटाचे दहा भाग करतात. पूल बांधणारे त्याच फुटाचे बारा इंच करतात. दोघंही त्याच देशातले, त्याच रस्त्यावर काम करणारे, आणि दोघांचे कागद आमच्या टेबलावर येऊन एकमेकांना भेटायचे. म्हणजे रस्त्यावाल्याने 'सोळा पॉइंट पाच' लिहिलं, की पूलवाल्याने 'सोळा फूट सहा इंच' लिहायचं. पण माणसाचा हात घाईत पाचाला पाचच लिहितो. पहिल्या आठवड्यातच काकांनी मला सांगितलं होतं, "पोरी, आकडा मराठीत वाच. सोळा पॉइंट पाच म्हणजे साडेसोळा. साडेसोळा म्हटलंस की सहा इंच आपोआप येतात. इंग्रजीत वाचशील तर मरशील." मी हसले होते. काय पण शिकवण, अलाबामाचे पूल म्हणे मराठीत वाचा! पण मी तसंच करायला लागले, आणि तीन वर्षांत एकदाही चुकले नाही.

मग सत्तावीस नंबर आला. म्हणजे त्या कामातला सत्तावीस नंबरचा पूल, एका खेडेगावच्या रस्त्यावरून जाणारा हमरस्त्याचा पूल. दिसायला साधाच, पण काकांचा जीव त्याच्यावर. आणि त्याच सुमाराला अलाबामाहून निरोप आला, की पुढच्या जूनपर्यंत पूल उभा होईल, तेव्हा तुमच्याकडच्या एका माणसाला आम्ही साइट बघायला बोलावतो, पाठवा. आमचे मॅनेजर राजवाडेसाहेब, पुण्याचे, यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "लोपीस जातील. पुढच्या वर्षी रिटायर होतायत, त्यांनी नाही बघायचं तर कोणी?" टाळ्या झाल्या. काका उभे राहिले, हायलायटरचं टोपण काढलं, पुन्हा लावलं आणि बसले.

त्यानंतर महिनाभर त्या माणसाने आम्हाला वात आणला. साइटवर लागतात म्हणून पोलादी टोपीचे बूट घेतले, आणि ते पायाला सवयीचे व्हावेत म्हणून संध्याकाळी अ‍ॅस्पायर पार्कात तेच घालून फेऱ्या मारायला लागले. लोक स्पोर्ट शूज घालून पळतायत आणि मध्येच हे खाड खाड करत चाललेत. जॅकेट घ्यायला आम्हाला मॉलमध्ये नेलं. "काका, जूनमध्ये तिकडे उकडतं, तुम्हीच सांगता," संदीप म्हणाला. "उकडतं," काका म्हणाले, "पण अमेरिकेला जाताना जॅकेट नाही म्हणजे बरं दिसत नाही." मी विचारलं, "तिकडे जाऊन नक्की करणार काय?" तर म्हणाले, "सत्तावीस नंबरच्या खाली उभा राहणार आणि वर बघणार. पुलाचं पोट कोणी बघत नाही गं. सगळे वरून निघून जातात. मला एकदा त्याचं पोट बघायचंय, खलास." एवढंच. नायगारा नाही की काही नाही.

आमच्या घरात मात्र त्याच महिन्यात वेगळंच घडलं. संदीपच्या कारखान्यातलं त्याचं काम संपलं. नवीन कुठे मिळेपर्यंत माझीच नोकरी, माझ्याच नोकरीवर तिघांचे रहिवासाचे परवाने, इराची शाळा, घर. मी कोणाला काही बोलले नाही. ऑफिसात जायचं, हसायचं, शीटा काढायच्या. सत्तावीस नंबरच्या खांबांची शीट मी तशाच एका गुरुवारी सकाळी काढली. रस्त्यावाल्यांच्या कागदावर मोकळी उंची होती, सोळा पॉइंट पाच. म्हणजे खालच्या रस्त्यापासून पुलाच्या पोटापर्यंत किमान एवढी जागा हवी, ट्रक जायला. मी ते इंग्रजीत वाचलं. सोळा फूट पाच इंच लिहिलं आणि त्यावरून खांबांच्या सगळ्या उंच्या काढल्या. एक इंच खाली. कपाळ माझं!

शीट काकांकडे गेली. त्यांनी तपासली आणि सगळी पिवळी करून पुढे पाठवली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. नेहमीसारखे जेवायला आले, मीठ कोणी तपासलं विचारलं, संदीपने चाखून मान हलवली, जेवून गेले. आठवडा गेला. ड्रॉइंगं अलाबामाला पोचली, तिकडच्यांनी मान्य केली, खांबांचं लोखंड बांधायला घेतलं. मग एका सकाळी काकांनी मला टेबलाशी बोलावलं. समोर सत्तावीस नंबरची शीट. गेलेले कागद पुन्हा एकदा काढून बघायची त्यांना खोड होती, त्याला ते 'मेलेल्यांची नाडी बघणं' म्हणायचे. त्यांचं बोट सोळा फूट पाच इंचांवर होतं. आकडा पिवळाधमक.

"काका, हे माझं," एवढंच मी म्हटलं.

"पिवळं कोणी केलं?" त्यांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाले, "त्याच दिवशी दुपारी माझा पासपोर्ट व्हिसा लागून आला होता. मी कागदावर नव्हतोच गं. मी त्याच्या पोटाखाली उभा होतो." आणि ते हसले. मला अजून कळत नाही कसे हसले.

राजवाडेसाहेबांच्या केबिनमध्ये आम्ही दोघं गेलो. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, दार लावून घेतलं. "एक इंच," ते म्हणाले. "लोपीस, एक इंच! तिथे कोण टेप घेऊन जाणार आहे?"

"ट्रक जाणार आहे," काका म्हणाले.

"अहो, सोळा फूट पाचचा ट्रक असतो तरी का? त्यात थोडी सूट धरलेली असतेच, इन्शाल्ला काही होत नाही."

"इन्शाल्ला तारखेला लावतात साहेब, उंचीला नाही. सूट धरलीय ती रस्त्यावर उद्या नवा थर पडेल म्हणून. ती त्यांची आहे, आपण कशी खायची? लोखंड बांधतायत, काँक्रीट अजून पडायचंय. आज कळवलं तर एक शीट बदलेल. महिन्याने कळवलं तर खांब फोडावे लागतील."

"कळवलं तर ते विचारतील, कोणी केलं. आणि मग ज्याने केलं त्याला साइटवर पाहुणा म्हणून कसा पाठवू मी? कळतंय ना, मी काय म्हणतोय?"

"कळतंय," काका म्हणाले. "तपासणारा मी. कळवा."

मी तिथेच उभी होते. दोन पावलांवर. तोंड उघडून 'साहेब, काढलं मी' म्हणायला किती वेळ लागतो? माझ्या डोक्यात इराची शाळा होती, घर होतं, संदीपचे रोज जाणारे अर्ज होते. सगळी खरी कारणं, एकही खोटं नाही. पण मी गप्प बसले, आणि गप्प बसले ते गप्पच बसले. केबिनमधून बाहेर पडल्यावर काका म्हणाले, "चेहरा नीट कर. काढणाऱ्याने चुकायचंच असतं, म्हणून तर मला ठेवलाय." मला वाटलं, मी जमिनीत जावं.

अलाबामाहून विचारणा आली, उत्तर गेलं, नवी शीट गेली. माझं नाव कुठेच आलं नाही. का आलं नाही, हे मी कोणाला विचारलं नाही. सुटलेलं माणूस कारण विचारत बसत नाही, मीही बसले नाही. दोन महिन्यांत संदीपला दुसरी नोकरी लागली, आणि मग बोलावं म्हटलं तर विषय जुना झाला होता. असं मीच ठरवलं, की विषय जुना झाला.

जूनमध्ये अलाबामाला गेले राजवाडेसाहेब. कोणीतरी जायलाच हवं होतं, तिकीट निघालं होतं. जाताना काकांचं जॅकेट मागून नेलं, हे मी मनचं सांगत नाही. ऑफिसच्या ग्रुपवर रोज फोटो यायचे. राजवाडे आणि खांब, राजवाडे आणि क्रेन, राजवाडे आणि पुलाच्या पोटाखाली राजवाडे. हा माणूस फोटोत असा मधोमध उभा राहायचा, की पूल दोन्ही कानांच्या बाजूंनी थोडा थोडा दिसायचा. काका ते फोटो कॉम्प्युटरवर मोठे करून बघत बसायचे. एकदा मला हाक मारली. "हे बघ, साहेबांच्या उजव्या कानामागे. बेअरिंग दिसतंय ना? बरोबर बसवलंय." आणि त्यांनी त्या फोटोचा प्रिंट काढून, पूल खांबावर टेकतो तो कानामागचा तेवढा तुकडा पिवळा केला. जॅकेट परत आलं, तेव्हा त्याच्या खिशात तिकडच्या मातीचा एक वाळकं ढेकूळ निघालं. साहेबांना पत्ताच नव्हता. काकांनी ते टेबलावर ठेवलं. "आपल्याकडची माती लालच आहे, मी म्हणत होतो ना," एवढंच म्हणाले.

त्याच वर्षी ते रिटायर झाले. केकवर त्यांचं नाव कधी नव्हे ते बरोबर लिहिलं होतं, त्यामुळे त्यांची थोडी निराशाच झाली. राजवाड्यांनी भाषण केलं, त्यात 'बारीक नजर' हा शब्द चारदा आला. माझ्या मनात होतं, काका जाताना मला त्यांचा हायलायटर देतील, आणि मी रडेन. कसलं काय! ड्रॉवरमधले सगळे हायलायटर मोजून पिशवीत भरले. मी बघत राहिले तर म्हणाले, "तुझे तू घे. ऑफिस देतं." विमानतळावर मी आणि संदीप सोडायला गेलो. पायांत तेच पोलादी बूट होते. सिक्युरिटीला दोनदा वाजले, दोनदा काढायला लावले, आणि तो सगळा प्रकार आम्ही काचेतून बघितला. दुसऱ्यांदा नाडी बांधून उभे राहिल्यावर त्यांनी हात केला आणि आत गेले. मी तेव्हाही बोलले नाही.

याला आता दोन वर्षं होतील. मी तपासनीस झाले. माझ्या खिशाला दोन पेनं असतात आणि मागच्या टेबलावरची पोरं मलाही काहीतरी म्हणत असणारच. गेल्या महिन्यात सत्तावीस नंबरच्या पुढचा रस्ता रुंद करायचं काम आमच्याकडे आलं, म्हणून जुनी शीट बघायला काढली. बदललेली शीट. ती मी कधी बघितलीच नव्हती, बघायची हिंमत झाली नव्हती. सोळा फूट सहा इंच. खांबांच्या उंच्या बरोबर. सवयीने डोळे कोपऱ्यातल्या दोन चौकोनांकडे गेले. 'काढले' या चौकोनात लिहिलं होतं, अ. लो. 'तपासले' या चौकोनात, अ. लो.

माझा हात आधी लाल पेनाकडेच गेला. काढणारा आणि तपासणारा एक! मग टाळकं जागेवर आलं. जुन्या शीटवर पहिल्या चौकोनात माझी अक्षरं होती, मं. क. ती पुसून त्यांनी स्वतःची घातली होती. कोणी केलं असं अलाबामाहून विचारलं, तेव्हा ही शीट पुढे गेली. ज्याला मी तीन वर्षं माझं नशीब म्हणत होते, ते नशीब अँथनी लोपीस नावाच्या माणसाने हाताने लिहिलेलं होतं.

मी तिथूनच फोन लावला. वसईत संध्याकाळ होती, मागे पंपाचा आवाज येत होता. "काका, सत्तावीस नंबर," मी म्हटलं. "तुम्हीच काढलं आणि तुम्हीच तपासलं?"

"ती शीट मी पुन्हा काढली होती," ते म्हणाले.

"किती काढलीत?"

"खांबांच्या उंच्या."

"काका!"

"अगं, मग काय करायचं? त्या शुक्रवारी तुझ्या आमटीत मीठच नव्हतं. अजिबात नव्हतं. आणि संदीपने चाखून मान हलवली. करणाऱ्याला कळलं नाही, तपासणाऱ्याला कळलं नाही. म्हटलं, या घरात काहीतरी मोठं बिघडलंय. मेसईदला बसने जाणारी आपली पोरं आहेत, त्यांच्याकडे विचारलं, तेव्हा कळलं."

म्हणजे ती बिनमिठाची आमटी हा माणूस मुकाट्याने जेवला होता. भात दुसऱ्यांदा घेतला होता, मला आठवतंय.

मग मी बोलले. तीन वर्षं न बोललेलं सगळं. त्या केबिनमध्ये मी दोन पावलांवर होते आणि बोलायला हवं होतं. तुमची अमेरिका माझ्यामुळे गेली. मला लाज वाटते काका, रोज वाटते. ऑफिसात मी भोकाड पसरून रडत होते आणि पोरं हेडफोन लावून बसल्याचं नाटक करत होती. सगळं संपल्यावर काका म्हणाले, "नियम बरोबर आहे, मंजिरी. तिथे मी चुकलो. चुकलेलं असेल तर काय करतात?"

मी फोन ठेवला आणि शीटचा प्रिंट काढला. कंपनीच्या लेखी त्याला काही अर्थ नाही, पूल केव्हाच उभा आहे, त्याच्या पोटाखालून ट्रक जातायत. पहिल्या चौकोनातल्या 'अ. लो.'वर लाल रेघ मारली आणि शेजारी माझी अक्षरं लिहिली. मं. क. फोटो काढून वसईला पाठवला.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. शब्द नाही, फोटोच. त्यांनीही प्रिंट काढला होता, केळीच्या पानावर ठेवला होता. माझी दोन अक्षरं पिवळी. आणि शेजारी, लाल शाईत, त्या ओळखीच्या टोकदार अक्षरात: 'तारीख राहिली.'

मी त्या दिवशीची तारीख घातली आणि पुन्हा पाठवलं. तीन वर्षं उशीर झालेली ती तारीखही काकांनी पिवळी केली.